शंभरातली उरलेली लेकरे कोणाची?

२०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफी नगरात एकाच कुटुंबातील तीन बालके अवघ्या काही दिवसांत दगावली. त्यानंतर यंत्रणा जागी झाली. घरोघर पाहणी सुरू झाली तेव्हा कळले, की फणफणता ताप आणि अंगभर लाल पुरळ घेऊन पडलेली लेकरे एकाच घरात नव्हती, गल्लीगल्लीत होती. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या बालकांची रीघ लागली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातूनही तशाच बातम्या आल्या. त्या हिवाळ्यात मुंबई आणि परिसरात डझनभराहून अधिक बालकांचे बळी गेले. केंद्राची पथके आली, राज्याने कृती दल नेमले, साथीच्या भागातील नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याचे ठरले. साथ ओसरली आणि बातमीही ओसरली.

आम्ही तो विषय पुन्हा मांडतो आहोत, कारण साथ ओसरली तरी साथीचे कारण ओसरलेले नाही. रोगाला जात नसते, असे पांढरपेशा विद्वान मोठ्या समाधानाने सांगतात. विषाणूला जात कळत नाही हे खरे आहे. परंतु ही साथ मलबार हिलच्या बंगल्यांतून सुरू झाली नाही. ती सुरू झाली देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसे राहतात, जिथे पाणी विकत घ्यावे लागते, आणि जिथे दलित, मुस्लिम व पोटासाठी मुलूख सोडून आलेला कष्टकरी दाटीवाटीने जगतो. रोग जात विचारत नसेल, पण ज्या व्यवस्थेने माणसांना जात पाहून वस्ती वाटून दिली, तिचा नकाशा त्याच्या आयताच हाती पडतो.

गोवर म्हणजे लहानपणी सगळ्यांनाच येणारा, अंगावर उमटून आपोआप जाणारा किरकोळ आजार, असा समज अजूनही घरोघर आहे. हा समज लेकरांच्या जिवावर उठणारा आहे. माणसाला होणाऱ्या अत्यंत संसर्गजन्य रोगांत गोवराची गणना होते. ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशा लोकांत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तग धरतो. गोवराने मूल मरते ते बहुधा पुरळामुळे नव्हे, तर त्यापाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाने, जुलाबाने, कधी मेंदूला आलेल्या सुजेने. अंगात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर डोळेही जातात. शिवाय गोवर आणखी एक घात करतो. आधीच्या आजारांशी लढून शरीराने जी ओळख कमावलेली असते, तीच तो पुसून टाकतो. मूल गोवरातून वाचले तरी पुढे कित्येक महिने दुसऱ्या रोगांना ते सहज बळी पडते. भरल्या घरचे मूल यातून सावरू शकते. ज्याच्या अंगावर मांस नाही, ज्याच्या ताटात वरण नाही, त्याला हा दुसरा मार सोसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा टोचायची. दोन डोस झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण ९७ मुलांना गोवरापासून संरक्षण मिळते. मात्र साथ रोखायची तर शंभरातील किमान ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले पाहिजेत. त्याखाली आकडा घसरला की गोवराला वाट सापडते.

आता प्रश्न असा, की शंभरातील किती लेकरांपर्यंत लसी पोहोचतात? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी ७६.४ टक्के मुलांना सर्व मूलभूत लसी मिळाल्या होत्या. आधीच्या पाहणीत हाच आकडा ६२ टक्के होता. प्रगती झाली हे आम्ही नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार एकही डोस न मिळालेली मुले भारतात २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती, ती २०२४ मध्ये ९ लाखांवर आली. हे काम उन्हातान्हात फिरणाऱ्या आशाताईंनी आणि नर्सबाईंनी केले आहे, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तरीही ९ लाख लेकरे म्हणजे एक मोठे शहर होते. ती लेकरे कोणाची?

सरासरी हा मोठा फसवा शब्द आहे. समजा एका गावात शंभर मुले आहेत आणि नव्वदांना लस मिळाली. कागदावर नव्वद टक्के लिहिले जाईल, बैठकीत पाठ थोपटली जाईल. पण उरलेली दहा मुले गावभर एकेकटी विखुरलेली नसतील, ती सगळी एकाच वस्तीत, एकाच तांड्यावर किंवा एकाच वीटभट्टीवर असतील तर? त्या वस्तीपुरते लसीकरण शून्य टक्के आहे. गोवर जिल्ह्याचा अहवाल वाचून येत नाही. तो नेमका त्या दहा घरांवर येतो. गावकुसाबाहेरची वस्ती व्यवस्थेने निर्माण केली आणि आज तीच वस्ती सरासरीच्या पोटात लपवली जाते. म्हणूनच आमच्या लोकांनी जिल्ह्याचा टक्का विचारू नये, आपल्या वस्तीतील नावे विचारावीत.

लसीचा आणि आमच्या समाजाचा संबंध कालपरवाचा नाही. हिंदुस्थानात पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच, अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्या काळी लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचला जाई. मराठीत जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवालाच ‘लस’ म्हणतात, तेच नाव पुढे रूढ झाले. ही लस जिवंत ठेवायची तर एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे साखळी चालू राहिली पाहिजे. त्यासाठी गावोगाव नेली जाणारी मुले बहुतेक गोरगरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची असत. आणि त्यांच्याच दंडावरची लस आपल्या मुलाला नको म्हणून सोवळ्यातील मंडळी नाके मुरडत. कनिष्ठ जातीच्या लेकराच्या अंगातून निघालेले औषध उच्चवर्णीयाला विटाळत होते! पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली. वासराची लस चालली, अस्पृश्याच्या लेकराची चालत नव्हती. लसीकरणाच्या इतिहासाचे हे पान शाळेच्या पुस्तकात छापले जात नाही, म्हणून ते येथे सांगावे लागते.

दुसरे पान आमच्या वाचकांना माहीत आहे, पण ते लसीच्या संदर्भात वाचले जात नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती देण्यात आली. हाफकिनने स्वतःला लस टोचल्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीमाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. मुलगा वाचला, माई गेल्या. लस जन्मली होती, पण प्रयोगशाळा आणि महारवाडा यांच्यातले अंतर कोणी मोजले नव्हते. माईंनी ते अंतर स्वतःच्या पायांनी कापले. पुढे हाफकिनच्या नावाने परळला संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस आज जगातल्या असंख्य देशांतील मुलांना टोचली जाते. ज्या महाराष्ट्रातून लस साता समुद्रापार जाते, त्या महाराष्ट्रात ती पुण्याहून गोवंडीच्या गल्लीत वेळेवर पोहोचू नये, याला काय म्हणावे?

लसीमुळे काय साधते, याचे पुरावे आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. बाळ जन्मल्यावर पाचवीला सटवाई पुजली जाई. सटवाईने कपाळावर लिहिले ते चुकत नाही, असे सांगितले जाई. आठवडाभरात बाळ ताठ होऊन, दातखीळ बसून गेले की सटवाईला बोल लावून घर गप्प बसे. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता. विळ्याने कापलेल्या नाळेतून, त्यावर लावलेल्या राखेतून आणि शेणातून तो शिरत होता. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातील बाळंतपण एवढ्यावर तो हटला. २०१५ मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन केल्याचे जाहीर झाले. सटवाईचा लेख एका सुईने खोटा ठरवला. देवीच्या रोगाचेही तेच झाले. ज्याला लोक देवीचा कोप म्हणत, ज्याच्यासाठी मरीआईचे गाडे ओढले जात, कोंबडी-बकरी कापली जात, तो रोग १९८० मध्ये जगातून संपल्याची घोषणा झाली. त्यासाठी कोणत्याही देवीला नवस बोलावा लागला नाही. पोलिओचा देशातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. घटसर्पाने गळा आवळून मरणारी आणि डांग्या खोकल्याने काळीनिळी पडणारी मुले आजच्या तरुण आयांनी पाहिलेली नाहीत. न पाहिल्यामुळेच भीती गेली आहे, आणि भीती गेल्यामुळे काही ठिकाणी सुई नकोशी झाली आहे.

लस नाकारणाऱ्या आईला अडाणी ठरवून मोकळे होणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तिच्या नकारामागची कारणे पाहिली पाहिजेत. पहिले कारण मजुरीचे आहे. लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी कामावर गेले नाही तर रोज बुडतो. सुई टोचल्यावर बाळाला ताप येतो, ते रात्रभर किरकिरते आणि दुसऱ्या दिवसाचा रोजही जातो. हा ताप लस अंगी लागत असल्याचा आहे, वजनानुसार पॅरासिटामॉल दिले की तो उतरतो, एवढे कोणी धड समजावून सांगत नाही. त्यात गोवराच्या लसीची कुपी एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांच्या आत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात. मुले कमी जमली की कुपी वाया जाईल म्हणून "पुढच्या महिन्यात या" असे सांगून आईला परत पाठवले जाते. कुपी वाया गेली तरी चालेल, मूल परत जाता कामा नये, हा खरा नियम आहे. पण वर हिशेब कुपीचा विचारला जातो, मुलाचा नाही.

येथे बाबासाहेबांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी पाचपैकी चार अपत्ये गमावली. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि १९२६ मध्ये राजरत्नही गेला. विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टराच्या घरात मरण असे येत होते, तर चाळीतल्या आणि महारवाड्यातल्या इतर घरांची काय कथा? या दुःखाचे त्यांनी भांडवल केले नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भरपगारी विश्रांती देण्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याचे ठाम समर्थन केले. आई आणि बाळ जगवणे हे राष्ट्राच्या हिताचे काम असल्याने त्याचा भार शासनानेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. तेव्हा ज्या आईचा रोज लसीपायी बुडतो, तिला उपदेश करण्याआधी संध्याकाळी, सुटीच्या दिवशी, नाक्यावर आणि वीटभट्टीवर लसीकरणाचे सत्र का होत नाही, हा प्रश्न शासनाला विचारला पाहिजे. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे बाळ नऊ महिन्यांचे होते ते कारखान्याच्या तळावर. गावच्या नोंदवहीत ते ‘स्थलांतरित’ असते आणि तळावरच्या नोंदवहीत त्याचे नावच नसते. दोन नोंदवह्यांच्या मधल्या फटीत ते सापडते, आणि गोवर तिथेच दबा धरून असतो.

दुसरे कारण अविश्वासाचे आहे, आणि तो निराधार नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका केंद्रावर १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. अशा एका हलगर्जीपणाची बातमी शंभर गावांत पोहोचते आणि वर्षांचे प्रबोधन धुऊन टाकते. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील निवडक गावांत दलित मुलांच्या अनुभवांचा जो अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचारी मुलाला स्पर्श टाळतात, घरात पाऊल टाकत नाहीत, औषध दुरून देतात, असे त्यातून पुढे आले. ज्या हाताला आमच्या लेकराचा विटाळ होतो, त्या हातातील सुईवर आईने विश्वास कसा ठेवायचा? म्हणून चुकीच्या लसीकरणाची चौकशी आणि स्पृश्यास्पृश्य पाळणाऱ्यावर कारवाई, या मागण्या लसीच्या विरोधातील नाहीत, लस टिकवणाऱ्या आहेत.

परंतु न्याय्य संशय आणि पसरवलेली अफवा यांत फरक केलाच पाहिजे. लसीने नपुंसकत्व येते, ही अफवा पोलिओच्या काळात पसरली आणि गोवर-रुबेलाच्या मोहिमेतही तिने तोंड वर काढले. तिला कसलाही आधार नाही. गोवराच्या लसीने स्वमग्नता येते असा संशय ज्या १९९८ च्या ब्रिटिश निबंधामुळे पसरला, तो निबंध २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही रद्द झाला. तरीही सुशिक्षित म्हणवणारी मंडळी आज मोबाइलवरून तीच शिळी कढी वाढत आहेत. या मंडळींचे मूल आजारी पडले तर ते वातानुकूलित इस्पितळात जाते. त्यांच्या निरोपावर विश्वास ठेवून सुई चुकवणारे वस्तीतले मूल मात्र सरकारी दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत श्वास सोडते. ज्यांनी नवस-सायास सोडले, अंगात येणे सोडले, दैववाद नाकारला, त्यांनी मोबाइलमधल्या नव्या भगताच्या नादी लागण्याचे कारण काय? तपासून पाहा आणि पटले तरच स्वीकारा, हा तथागतांचा मार्ग आहे. देवी आणि पोलिओ हटले ते सर्वांनी पाहिले आहे, आणखी कोणती तपासणी हवी?

महाडचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे त्या तळ्यावर आमचा एक माणूस पोहोचू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा कागदावरचा हक्क ओंजळीत आला. लसीचेही तसेच आहे. १९८५ पासून देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आहे. लस मोफत असल्याचा ठराव झालेला आहे. ती वस्तीपर्यंत आणण्यासाठी आता वस्तीनेच चालले पाहिजे.

प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, जयंती उत्सव समिती आहे. जयंतीला घराघरातून वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांना कोणत्या घरात किती माणसे आहेत हे तोंडपाठ असते. त्याच वहीत एक रकाना वाढवावा : घरात पाच वर्षांखालचे मूल आहे काय, त्याचे लसीकरणाचे कार्ड आहे काय, गोवराचे दोन डोस झाले काय. कार्ड हरवले असेल तर नवे मागावे. डोस चुकला म्हणून सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही, राहिले तेथून पुढे सुरू करता येते. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत मिळू शकतो. "वेळ निघून गेली" असे कोणी सांगितले तर ते ऐकून परत येऊ नये. यादी तयार झाली की ती घेऊन आरोग्य केंद्रात जावे आणि वस्तीत सत्र मागावे. विहाराचे दार त्यासाठी उघडे असावे. वर्षावासात प्रवचन ऐकायला जमलेल्या आयांना पाच मिनिटे नर्सबाईंनी माहिती सांगितली, तर ते प्रबोधनच आहे.

त्याचबरोबर वस्तीत येणाऱ्या आशाताईंच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशा सेविकांना मानधनासाठी काम बंद ठेवून रस्त्यावर उतरावे लागले. आमच्या लेकरांच्या सुया ज्यांच्या खांद्यावरच्या पेटीतून येतात, त्यांच्या पोटाचा प्रश्न हा आमच्या आरोग्याचाच प्रश्न आहे.

मोर्चे निघतील, निघालेच पाहिजेत. आरक्षणाचा, शिष्यवृत्तीचा, जमिनीचा लढा चालूच राहील. पण ज्याच्यासाठी शिष्यवृत्ती मागायची, ते मूल आधी पाच वर्षांचे झाले पाहिजे. शासन टक्के मोजते, त्याला मोजू द्यावे. चळवळीने मुले मोजावीत आणि शंभरातले शंभरावे मूल सापडेपर्यंत वही मिटू नये.